लॅपटॉपचं वायफाय कार्ड बदलायचंय? आधी झाकणातल्या अँटेना बघा

जुना लॅपटॉप अजून ठणठणीत आहे. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकून झाली, रॅम वाढवून झाली, घरात फायबरचं कनेक्शनही आलं. तरी ज्या खोलीत फोनवर इंटरनेट सुसाट चालतं, त्याच खोलीत लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल अडखळतो. मग प्लॅन वाढवला जातो, राउटर बदलला जातो, कस्टमर केअरशी वाद घातला जातो. कारण मात्र बऱ्याचदा लॅपटॉपच्या आतच असतं. कंपन्यांतून निघालेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक असे जुने लॅपटॉप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन स्वस्तात घेणाऱ्या विद्यार्थ्यांना हा अनुभव नेहमी येतो. स्वस्तातला नवा लॅपटॉप घेणाऱ्यांनाही येतो.

वायफायचं काम करणारं कार्ड बऱ्याच लॅपटॉपमध्ये एका स्क्रूवर बसवलेलं असतं. आजकालच्या कार्डाचा आकार २२ बाय ३० मिलिमीटर. ते काढून नवं लावता येतं, आणि हात सरावलेला असेल तर अर्धा तासही लागत नाही. पण कार्ड म्हणजे वायफायचा निम्माच भाग. उरलेला निम्मा भाग स्क्रीनभोवतीच्या झाकणात लपलेल्या अँटेनांचा आणि तिथून बिजागरीतून खाली येणाऱ्या बारीक वायरींचा. विहिरीवर मोठा पंप बसवला आणि पाइप अर्ध्या इंचाचाच ठेवला, तर पाणी जेवढं यायचं तेवढंच येणार. कार्डाच्या बाबतीत नेमकं हेच घडतं. खोक्यावर २४०२ हा वेगाचा आकडा बघून कार्ड घेतलं जातं आणि आत एकच वायर निघते. म्हणून या लेखात मी कार्डापेक्षा अँटेनांवर जास्त बोलणार आहे.

आधी आकडा वाचा

काहीही विकत घेण्याआधी आणि एकही स्क्रू काढण्याआधी लॅपटॉप राउटरपासून दोन-तीन मीटरवर ठेवा, ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कला जोडा (वायफायचे दोन नेहमीचे पट्टे, म्हणजे बँड, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ; ५ चं नाव फोनला दिसतं आणि लॅपटॉपला दिसत नाही, तर तुमचं कार्ड बहुधा फक्त २.४ चं आहे) आणि लिंक स्पीड बघा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात वाय-फाय, त्यात जोडलेल्या नेटवर्कची प्रॉपर्टीज. तिथे लिंक स्पीड, प्रोटोकॉल आणि बँड एकाच जागी दिसतात. कार्डाचं नाव डिव्हाइस मॅनेजरमध्ये मिळतं.

हा लिंक स्पीड म्हणजे तुमच्या इंटरनेटचा वेग नव्हे. लॅपटॉप आणि राउटर यांच्यात हवेतून ठरलेला तो कमाल दर आहे, आणि त्यावरून आतल्या अँटेनांचा अंदाज बांधता येतो. ७२ (सगळे आकडे एमबीपीएसमध्ये) दिसले तर बहुधा एकच अँटेना, २.४ गिगाहर्ट्झ, वायफाय ४ (म्हणजे वायफायची चौथी पिढी). १४४ म्हणजे तेच, पण दोन अँटेना. ४३३ म्हणजे वायफाय ५, एक अँटेना. ८६६ किंवा ८६७ म्हणजे वायफाय ५, दोन अँटेना. १२०१ म्हणजे बहुतेक वेळा वायफाय ६, दोन अँटेना आणि ८० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनेल. २४०२ म्हणजे त्याच दोन अँटेना १६० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर. ही मोजणी राउटरजवळच करायची, कारण दूर गेलं की सिग्नल घटतो आणि हा दर आपोआप खाली येतो.

प्रत्यक्ष डाउनलोडचा वेग यातल्या साधारण निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत असतो. बाकीचा वेळ पोचपावत्या, वाट बघणं आणि शेजाऱ्यांच्या नेटवर्कांशी जुळवून घेणं यात जातो. म्हणजे ७२ च्या जोडणीवर चाळीसच्या आसपास मिळालं तरी कार्ड आपलं काम नीट करतंय. १०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊन असा लॅपटॉप वापरत असाल तर कार्ड बदलल्यावर फरक लगेच जाणवेल. उलट आज ४३३ दिसत असेल आणि प्लॅन १०० चाच असेल, तर केवळ वेगासाठी कार्ड बदलू नका. तुमची अडचण दुसरी आहे. ती बहुधा सिग्नलची असते.

सिग्नल डीबीएममध्ये मोजतात आणि आकडा उणे असतो. उणे ५० उत्तम, उणे ६५-६७ पर्यंत व्हिडिओ कॉल बिनघोर चालतो, उणे ८० ला रखडायला लागतं. दर १० डीबीला शक्ती दहापट बदलते. म्हणून उणे ६० आणि उणे ७० यांत दिसायला थोडा फरक असला तरी प्रत्यक्षात लॅपटॉपला दहावा हिस्सा शक्ती मिळत असते. बऱ्याच राउटरच्या सेटिंगच्या पानावर जोडलेल्या प्रत्येक उपकरणाचा सिग्नल दिसतो. फोन आणि लॅपटॉप एकाच टेबलावर शेजारी ठेवा, दोन्ही एकाच बँडला जोडा आणि आकडे ताडून पाहा. चार-पाच डीबीचा फरक स्वाभाविक आहे. लॅपटॉप पंधरा-वीस डीबीने मागे असेल, तर कार्डाआधी वायर आणि अँटेना संशयाच्या घेऱ्यात येतात.

एक वायर की दोन

वायफाय ४ पासून, म्हणजे २००९ साली मंजूर झालेल्या मानकापासून, एकाच वेळी एकाहून अधिक अँटेनांवरून वेगवेगळा डेटा पाठवायची सोय आली. दोन अँटेनांवरून दोन स्वतंत्र प्रवाह, म्हणून दर दुप्पट. भिंतींवर आपटून फिरलेल्या लहरी दोन अँटेनांपर्यंत जराशा वेगळ्या होऊन पोचतात, आणि त्या वेगळेपणावरूनच चिप दोन्ही प्रवाह सुटे करते. दोन अँटेनांचा दुसरा लाभ तितकाच मोठा आहे. एका जागी एका अँटेनाला सिग्नल फिका मिळाला तरी दुसरीला बरा मिळू शकतो, त्यामुळे जोडणी सहजासहजी तुटत नाही. स्वस्त लॅपटॉप राउटरपाशी बरा चालतो आणि दुसऱ्या खोलीत गेला की ढेपाळतो, यामागे एकुलती एक अँटेना हे मोठं कारण असतं. कोकणातल्या जाड जांभ्या चिऱ्याच्या भिंतींच्या घरात तर हे फारच जाणवतं, कारण अशा भिंती ५ गिगाहर्ट्झच्या लहरी २.४ पेक्षा जास्त गिळतात.

एका अँटेनाच्या लॅपटॉपचं एक प्रसिद्ध दुखणं सांगायलाच हवं. रिअलटेकच्या आरटीएल८७२३बीई या कार्डावर अँटेनासाठी दोन जागा असतात आणि ते एकच वापरतं. या कार्डाच्या कित्येक लॅपटॉपमध्ये कारखान्यात वायर एका जागी लावलेली असते आणि लिनक्सचा ड्रायव्हर मात्र दुसरीकडे कान लावून बसतो. राउटर शेजारी असला तरी सिग्नलची एखादीच रेघ दिसते. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये अँटेनाची निवड बदलली की सिग्नल एकदम उसळतो. यात एक पैसाही खर्च होत नाही. असं कार्ड आणि लिनक्स असेल तर आधी हे करून पाहा.

लॅपटॉप उघडल्यावर कार्डाला दोन वायरी दिसल्या तर नवं दोन अँटेनांचं कार्ड पूर्ण ताकदीने चालेल. एकच दिसली तर आजूबाजूला नीट बघा. त्याच मॉडेलचं झाकण काही वेळा सगळ्या प्रकारांसाठी सारखं असतं आणि दुसरी वायर टेपखाली चिकटवून ठेवलेली सापडते. तीन वायरी असल्या, जशा काही जुन्या थिंकपॅडमध्ये असतात, तर त्या इंटेल ६३०० सारख्या तीन अँटेनांच्या कार्डासाठी आहेत. आजची लॅपटॉपची बहुतेक कार्डं दोनच वापरतात. उरलेल्या वायरीच्या टोकाला टेपचा तुकडा गुंडाळून ती बाजूला करा. उघडं टोक मदरबोर्डवर लोंबकळत ठेवू नका. निळ्या-लाल रंगाच्या वायरी आणखी दिसल्या तर त्या बहुतेक सिमकार्डाच्या मोडेमसाठी असतात, आणि त्या वेगळ्या फ्रिक्वेन्सीला बनवलेल्या असल्याने वायफायला जोडून उपयोग नाही.

झाकणातली अँटेना

लॅपटॉपची अँटेना म्हणजे तांब्याच्या किंवा स्टीलच्या पातळ पत्र्याचा, नाहीतर लवचिक प्लास्टिकवर छापलेला तांब्याचा छोटा तुकडा. त्याचा आकार मनाला येईल तसा नसतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण १२ सेंटिमीटरची, आणि अँटेनाचं काम करणाऱ्या पट्टीची लांबी तिच्या पावपट, म्हणजे ३ सेंटिमीटरच्या आसपास. ५ गिगाहर्ट्झला तीच लांबी सव्वा-दीड सेंटिमीटरपर्यंत येते. म्हणून दोन्ही बँडच्या अँटेनावर एक लांब आणि एक आखूड अशा दोन फांद्या दिसतात. त्या पट्टीला जोडून बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियमचा किंवा तांब्याचा पातळ कागद असतो आणि तो स्क्रीनच्या मागच्या धातूच्या भागावर चिकटवलेला असतो. तो कागद सजावटीचा नाही. अँटेनाची जमीन, म्हणजे तिचा विद्युत आधार, तोच आहे. स्क्रीन बदलताना दुकानात हा कागद फाटला किंवा परत चिकटवलाच नाही, तर अँटेना जागेवर असूनही सिग्नल पडतो. स्क्रीन बदलल्यापासून वायफाय कमजोर झालं असेल तर सगळ्यात आधी इथे बघा.

झाकणाची वरची कड ही अँटेनासाठी उत्तम जागा. ती मदरबोर्डपासून सर्वांत लांब, हातांपासून दूर आणि उंचावर असते. मदरबोर्ड, रॅम आणि वेगवान यूएसबी हे सगळे रेडिओचा गोंगाट करतात, त्यामुळे हे अंतर कामाचं असतं. दोन अँटेना वेबकॅमच्या दोन बाजूंना लांब ठेवलेल्या असतात, कारण त्या अगदी जवळ असल्या तर दोघींना सारखंच ऐकू येतं आणि दोन प्रवाह सुटे करणं अवघड जातं. झाकण पूर्ण धातूचं असेल तर लहरी बाहेर पडायला वाट लागते, म्हणून अशा लॅपटॉपमध्ये कडेला किंवा बिजागरीजवळ प्लास्टिकची पट्टी ठेवलेली असते. त्या पट्टीवर धातूचा मुलामा असलेलं स्टिकर किंवा धातूचं कव्हर लावू नका.

अँटेनापासून कार्डापर्यंत येणारी वायर साधी वायर नसते. मध्ये एक तार, भोवती इन्सुलेशन, त्यावर धातूची जाळी आणि वर आवरण, अशी ती ५० ओहमची कोअ‍ॅक्सिअल वायर आहे. जाडी जेमतेम एक मिलिमीटर. ती कापून जोडता येत नाही. सोल्डर करून टेप गुंडाळला तर विजेच्या वायरीसारखी ती चालू झाल्यासारखी वाटेल, पण सांध्यावर लहरी परत फिरतात आणि ५ गिगाहर्ट्झवर तर मोठं नुकसान होतं. वायर जितकी लांब आणि बारीक तितका तोटा जास्त, म्हणून गरजेपेक्षा लांब वायर घेऊन गुंडाळी करून ठेवणंही टाळा.

वायर सर्वाधिक त्रास भोगते ती बिजागरीत. झाकण हजारो वेळा उघडतं-मिटतं, आणि स्वस्त लॅपटॉपमध्ये बिजागरीचं प्लास्टिक फुटलं की वायर चिमटते. झाकणाचा कोन बदलला की सिग्नल वरखाली होत असेल तर ही खूण पक्की समजा. मल्टिमीटरने तपासायला जाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. लॅपटॉपमधल्या बहुतेक अँटेनांची रचना अशी असते की मधली तार आणि जाळी अँटेनाच्या टोकाला मुद्दाम जोडलेली असते. त्यामुळे मीटर शॉर्ट दाखवतो आणि ते बरोबर असतं. शॉर्ट दिसलं म्हणून चांगली वायर फेकून देऊ नका. झाकण हलवताना तो शॉर्ट तुटत-जुळत असेल तर मात्र वायर गेलेली आहे.

खराब अँटेना बदलायची किंवा एकीला जोड म्हणून दुसरी बसवायची, तर सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे त्याच मॉडेलच्या वायरीसकट अँटेनांचा मूळ जोड. लांबी, वळणं, चिकटवायची जागा सगळं जुळतं. ते न मिळाल्यास चिकटवायच्या लवचिक अँटेना मिळतात. घेताना तीन गोष्टी बघा: दोन्ही बँड आहेत का, वायर किती लांब आहे आणि टोकाला कोणता कनेक्टर आहे. १५ इंची लॅपटॉपमध्ये स्लॉटपासून बिजागरीमार्गे झाकणाच्या वरच्या कडेपर्यंत अर्धा मीटर वायर सहज लागते. आधी दोरा फिरवून लांबी मोजा. झाकण उघडताना स्क्रीनभोवतीची चौकट नखाने किंवा प्लास्टिकच्या पातीने हळूहळू सोडवायची. स्क्रीनवर अंगठा टेकला तर काच जाते, आणि ती कार्डाच्या कितीतरी पट महाग पडते.

झाकण उघडायची हिंमत नसेल तर दुसरी अँटेना खालच्या भागात, प्लास्टिकच्या कडेला आतून चिकटवता येते. ती वरच्याइतकी चांगली चालणार नाही हे आधीच मान्य करा. बॅटरीपासून, पंख्याच्या धातूपासून आणि जिथे मनगट टेकतं त्या जागेपासून ती लांब असावी, आणि लॅपटॉपचं बूड धातूचं असेल तर हा विचारच सोडा. माझं मत विचाराल तर एक अँटेना झाकणात आणि एक तळाशी, अशी जोडीही एकट्या अँटेनापेक्षा बरी ठरते.

कोणतं कार्ड बसेल

जुन्या लॅपटॉपमध्ये, साधारण २०१३-१४ पर्यंतच्या, मिनी पीसीआय एक्सप्रेस स्लॉट असतो. नंतरच्यांत एम.२. एम.२ कार्डावर २२३० असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ २२ मिलिमीटर रुंद, ३० मिलिमीटर लांब. टोकाला ए आणि ई अशा दोन खाचा असतात आणि वायफायची बहुतेक सुटी कार्डं दोन्ही खाचांची येतात, म्हणजे ती दोन्ही प्रकारच्या स्लॉटमध्ये बसतात. एसएसडीचा एम.२ स्लॉट वेगळ्या खाचेचा असतो, तिथे वायफाय कार्ड घुसवू नका.

बसलं म्हणजे चाललं, असं मात्र नाही. इंटेलच्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरच्या सुमारास सीएनव्हीआय नावाची पद्धत आली. यात वायफायचा मेंदूचा भाग प्रोसेसरच्या बाजूला गेला आणि कार्डावर फक्त रेडिओ उरला. एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही अशी कार्डं. ती एएमडी प्रोसेसरच्या किंवा जुन्या इंटेल लॅपटॉपमध्ये व्यवस्थित बसतात आणि अजिबात ओळखली जात नाहीत. ऑनलाइन ती एएक्स२१० पेक्षा किंचित स्वस्त दिसतात आणि लोक फसतात. शेवटचा आकडा शून्य असलेली, एएक्स२०० आणि एएक्स२१०, ही स्वयंपूर्ण कार्डं आहेत, ती एएमडीवरही चालतात. तुमच्या लॅपटॉपमध्ये आधीच एएक्स२०१ असेल तर बहुधा एएक्स२१० चालेल, पण काही लॅपटॉपमध्ये स्लॉटला फक्त सीएनव्हीआयचीच जोडणी दिलेली असते. त्या मॉडेलमध्ये आधी कुणी बसवलंय का हे शोधा. वायफाय ७ चं बीई२०० घेताना आणखी सावध राहा. एएमडीच्या अनेक लॅपटॉपमध्ये ते चालत नाही.

ब्लूटूथ त्याच कार्डावर असतं, पण ते मदरबोर्डशी यूएसबीच्या रेषांनी बोलतं. जुन्या स्लॉटमध्ये त्या रेषा जोडलेल्याच नसतील तर वायफाय चालतं आणि ब्लूटूथ मात्र दिसत नाही. कार्ड सदोष आहे असं समजून ते परत करण्याआधी हे तपासा.

जुन्या थिंकपॅड आणि एचपीच्या लॅपटॉपमध्ये आणखी एक कुलूप असतं. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या आतल्या प्रोग्रॅममध्ये) मान्य कार्डांची यादी असते आणि तिच्याबाहेरचं कार्ड दिसलं की लॅपटॉप सुरूच होत नाही. थिंकपॅडवर १८०२ क्रमांकाचा संदेश येतो, एचपीवर १०४. लॅपटॉप कायमचा अडलेला नसतो. काढून जुनं लावलं की लॅपटॉप पूर्ववत चालू होतो. कार्ड आणि अँटेना यांची जोडी मिळून रेडिओ परवान्याची चाचणी पार करते, म्हणून दुसरं कार्ड चालू देत नाही, असं कारण दिलं जायचं. त्यात तथ्याचा अंश आहे, पण वापरणाऱ्याचा लॅपटॉप त्यासाठी अडवून धरणं मला आजही पटत नाही. २०१२ च्या एक्स२३० आणि टी४३० मध्ये ही यादी आहे. त्यात बसवायचं तर त्याच मॉडेलसाठी मान्य केलेलं, लेनोवोचा एफआरयू (सुट्या भागाचा) क्रमांक असलेलं कार्ड घ्यावं लागतं. चिप तीच असली तरी दुसऱ्या कंपनीचा शिक्का असलेलं कार्ड नाकारलं जातं. बायोस बदलून ही यादी काढणारे लोक आहेत, पण ते काम चुकलं तर लॅपटॉप मुका होतो, म्हणजे सुरूच होत नाही. फक्त वायफायसाठी ही जोखीम घेऊ नये असं मी सांगेन. यादी नसलेल्या जुन्या लॅपटॉपसाठी इंटेलचं ७२६० एचएमडब्ल्यू हे अजूनही समाधानकारक कार्ड आहे: अर्ध्या लांबीचं मिनी पीसीआय एक्सप्रेस, दोन अँटेना, ८६७ पर्यंत.

वायरीच्या टोकाचा कनेक्टरही बघायला हवा. मिनी पीसीआय एक्सप्रेसवर यू.एफएल, एम.२ वर त्याहून लहान एमएचएफ४. डोळ्यांना दोन्ही सारखेच वाटतात, पण एकावर दुसरा बसत नाही, आणि दाबून बसवला तर कार्डावरची बारीक कडी वाकते. जुन्या लॅपटॉपमध्ये अ‍ॅडॉप्टर लावून एम.२ कार्ड बसवणाऱ्यांनी कनेक्टर बदलणारी छोटी वायरही सोबतच मागवावी.

बदलताना

नव्या कार्डाचा ड्रायव्हर आधीच डाउनलोड करून पेनड्राइव्हवर ठेवा, नाहीतर इंटरनेटसाठी लागणारा ड्रायव्हर आणायला इंटरनेट नाही, अशी अडचण होते. फोनचं यूएसबी टेदरिंग हाही मार्ग आहे. लिनक्सवर एएक्स२१० साठी कर्नल ५.१० किंवा पुढचं हवं.

लॅपटॉप स्लीप किंवा हायबरनेट न करता पूर्ण बंद करा. चार्जर काढा, मागचं झाकण उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. बॅटरी फुगलेली दिसली तर काम तिथेच थांबवा. वायरींचा फोटो घ्या: कोणता रंग कोणत्या जागी. कार्डावर काळा आणि पांढरा त्रिकोण किंवा १ आणि २ असे आकडे असतात, पण काळी वायर मुख्य की दुय्यम हे कंपनीनुसार बदलतं, त्यामुळे रंगावर विसंबू नका. दोन अँटेनांच्या कार्डात अदलाबदल झाली तरी वायफायला सहसा फारसा फरक पडत नाही, मात्र ब्लूटूथ दोघींपैकी एकीवरच चालतं आणि ती अँटेना कमजोर असेल तर हेडफोन अडखळतील.

कनेक्टर काढताना वायर ओढू नका. प्लास्टिकची पात डोक्याखाली घालून सरळ वर उचला. लावताना आधी हलकेच मध्यावर टेकवा, बोटाने चाचपून तो नीट बसलाय याची खात्री करा आणि मगच सरळ खाली दाबा. टिक असा बारीक आवाज जाणवतो. तिरपा दाबलात तर गेला. यू.एफएल कनेक्टर बनवणारी हिरोसे कंपनी तो साधारण ३० वेळा काढण्या-घालण्यासाठीच असल्याचं सांगते, म्हणून उगाच काढून बघत बसू नका. कार्ड स्लॉटमध्ये तिरपं सरकवायचं, खाली दाबायचं आणि स्क्रू हलक्या हाताने आवळायचा.

चालू केल्यावर लिंक स्पीड पुन्हा बघा: तीच जागा, तोच राउटर. कार्ड दोन अँटेनांचं आणि चॅनेल पुरेसा रुंद असूनही लिंक स्पीड अपेक्षेच्या नेमका निम्मा दिसला तर बहुधा एक कनेक्टर नीट बसलेला नाही, असं समजा.

राउटर आणि सहा गिगाहर्ट्झ

जोडणीचा दर दोघांतल्या कमी ताकदीच्यावर ठरतो. वायफाय ५ चा राउटर ठेवून एएक्स२१० लावलं तर ८६७ च्या पुढे बहुधा जाणार नाही. १६० मेगाहर्ट्झचा चॅनेलही राउटरनेच द्यावा लागतो. भारतात ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये विनापरवाना वापरासाठी खुला झाला, त्यामुळे असा चॅनेल आपल्याकडे मिळतो. फक्त त्याचा काही भाग रडारसोबत वाटून घ्यावा लागतो, आणि रडारचा सिग्नल जाणवला की राउटर तो चॅनेल सोडतो.

६ गिगाहर्ट्झच्या नव्या पट्ट्याच्या आकर्षणाने एएक्स२१० घेणारे बरेच आहेत. अमेरिकेने हा पट्टा २०२० मध्ये खुला केला. भारतात ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ हा खालचा भाग विनापरवाना करण्याचा मसुदा मे २०२५ मध्ये आला. हा पट्टा वापरायला राउटरही ६ गिगाहर्ट्झवर चालणारा हवा, आणि विंडोज ११ हवी. विंडोज १० वर ६ गिगाहर्ट्झ चालत नाही. अँटेनांचा प्रश्न इथे पुन्हा येतो. जुन्या लॅपटॉपच्या अँटेना ५.८५ गिगाहर्ट्झपर्यंतच्या हिशेबाने बनवलेल्या असतात. ५.९ ते ६.४ हा भाग त्याला लागूनच असल्याने त्या तिथे बऱ्यापैकी काम करू शकतात, मात्र ७ गिगाहर्ट्झकडे जाल तसा सिग्नल घसरतो. ज्या देशांत वरचा पट्टाही खुला आहे, तिथल्या मराठी मंडळींनी जुन्या झाकणातून फार अपेक्षा ठेवू नये.

कार्ड सोल्डर केलेलं असेल तर

बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये कार्ड नसतंच, चिप थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. निर्मात्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वायफाय कार्ड काढण्याचं पान नसेल तर ही शक्यता मोठी. मात्र अशा लॅपटॉपमध्येही वायरी आणि अँटेना बहुतेक वेगळ्याच असतात, त्यामुळे सिग्नलची तक्रार असेल तर कनेक्टर नीट बसवणं किंवा अँटेना बदलणं शक्य असतं. वेगच कमी असेल तर यूएसबीचं वायफाय अ‍ॅडॉप्टर घ्या. बाहेर अँटेना असलेलं, थोडं मोठं घ्या. नखाएवढ्या अ‍ॅडॉप्टरमध्ये अँटेनाला जागाच नसते. ते लॅपटॉपला थेट न खोचता अर्धा-एक मीटरच्या एक्स्टेंशन वायरवर लावा आणि ५ गिगाहर्ट्झवर चालवा, कारण यूएसबी ३ चा स्वतःचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पडतो.